पेपर टाकताय? जरा दमानं!

नवी नोकरी मिळवायला आपण रात्री जागवतो, सीव्ही चार-चारदा लिहितो, आरशासमोर इंटरव्ह्यूची रंगीत तालीम करतो. जुनी मात्र एका मेलमध्ये सोडून मोकळे होतो. पण 'गुडबाय' म्हणण्याचीही एक रीत असते, बॉस!

शुक्रवारी संध्याकाळी पॅन्ट्रीजवळ केक आला की समजायचं, एकतर कुणाचा तरी हॅपी बर्थडे आहे, नाहीतर कुणाचा तरी 'लास्ट डे'! हिंजवडी असो, खराडी असो, ऐरोली असो की बीकेसी, सीन तोच. केक कापला जातो, कुणीतरी 'स्पीच, स्पीच' म्हणून ओरडतं, जाणारा दोन वाक्यं बोलतो, चॉकलेटचा थर नाकाला लावला जातो आणि सोमवारी त्याच खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलेलं असतं. त्या खुर्चीवरच्यानं काय काय मागे ठेवलं आणि काय काय अर्धवट सोडलं, हे मात्र सोमवारनंतरच कळायला लागतं.

आपल्या पिढीला नोकरी बदलण्याचं अप्रूप राहिलेलं नाही. माझ्या बाबांनी टेल्कोत तेहतीस वर्षं काढली. पहाटेची कंपनीची बस, तोच डबा, तीच शिफ्ट. 'नोकरी सोडली' हे वाक्य आमच्या घरात 'घर सोडलं'च्या चालीवर म्हटलं जायचं. त्यामुळे नोकरी कशी मिळवावी आणि कशी टिकवावी, याचे धडे मला घरातून भरपूर मिळाले. पण सोडावी कशी? हे बाबांना सांगता येणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती कधी सोडलीच नाही!

मी २०१६च्या जुलैत कॅम्पसमधून थेट एका सॉफ्टवेअर कंपनीत शिरले आणि २०२४च्या मे महिन्यात बाहेर पडले. जवळजवळ आठ वर्षं. कॉलेजपेक्षा दुप्पट! या आठ वर्षांतून बाहेर पडताना जे शिकले, जे इतरांना करताना पाहिलं आणि जे कायद्याच्या पुस्तकांतून, एचआरच्या मेलमधून खणून काढलं, ते तुमच्यासमोर ठेवतेय. कुणास ठाऊक, हा अंक वाचताना तुमच्याही ड्राफ्ट्समध्ये एक मेल पडून असेल...

आधी कारण, मग कागद

नोकरी सोडावीशी वाटणं आणि नोकरी सोडायला हवी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अप्रेझलच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या फ्लोअरला नोकरी सोडावीशी वाटते. बॉसनं चारचौघांत झापलं की वाटते. चतुर्थ सेमिस्टरला मागे बसणारा मित्र बर्लिनहून फोटो टाकतो, तेव्हा तर हमखास वाटते! त्या दिवशी मेल लिहू नका. लिहिलात तर पाठवू नका.

मी एक साधी गोष्ट केली. वहीच्या एका पानावर 'का जायचंय' आणि दुसऱ्या पानावर 'कशापासून पळायचंय' असे दोन मथळे घातले आणि महिनाभर जे सुचेल ते लिहीत गेले. दुसऱ्या पानावर ट्रॅफिक, कॅन्टीन आणि एक विशिष्ट मॅनेजर एवढंच जमलं. या तिन्ही गोष्टी नव्या कंपनीतही भेटणार होत्या! पहिल्या पानावर मात्र एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं: गेली तीन वर्षं मी एकाच क्लायंटच्या एकाच सिस्टीमला ठिगळं लावतेय. मला काहीतरी पहिल्यापासून बांधायचंय. हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीनं ते काम देऊ केलं होतं. पगारात वाढ होती, पण डोळे दिपतील अशी नव्हती. तरी ठरलं.

कारण स्पष्ट असलं की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात. आपल्याकडचा याचा सर्वांत तेजस्वी नमुना म्हणजे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रीय अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून त्याची कारणं मांडली. त्यानंतर ते कोपऱ्यात जाऊन बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इतक्या ठामपणे पद सोडल्यावरही कामाची दारं बंद झाली नाहीत. आपले राजीनामे काही इतिहासाच्या पुस्तकात जाणार नाहीत, पण कारण एका वाक्यात सांगता येणं, ही कसोटी आपल्यालाही लागू आहे.

माझं खरं टेन्शन

सांगू? पगार, पोस्ट, नवा बॉस यातलं काहीच मला रात्री जागवत नव्हतं. मला जागवत होतं बाबांचं हृदय.

दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, ती माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून. कार्ड दाखवलं, सही केली, झालं. नव्या कंपनीची पॉलिसी होती फक्त कर्मचारी, नवरा किंवा बायको आणि मुलांसाठी. आई-बाबा त्यात बसत नव्हते. आणि जुन्या कंपनीचं कव्हर? ते बहुतेक ठिकाणी लास्ट डेलाच संपतं. म्हणजे ज्या दिवशी मी केक कापणार, त्याच रात्री बारा वाजल्यापासून स्टेंट बसवलेले माझे बाबा विम्याशिवाय! बाजारात नवी पॉलिसी घ्यायची तर आधीपासूनच्या आजारासाठी वेटिंग पीरियड. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०२४ साली तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला, आधी तो ४८ महिने होता. पण छत्तीस महिने म्हणजे तीन वर्षं! पासष्टीच्या माणसाला 'तीन वर्षं तब्येत सांभाळा हं' असं सांगायचं?

मग कळलं की ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला 'मायग्रेशन' म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमधून वजा होतात. मात्र विमा कंपनी तपासण्या मागू शकते आणि प्रीमियम तिच्या हिशोबानं लावते. आणि हे सगळं कव्हर चालू असतानाच मार्गी लावावं लागतं. मी जानेवारीतच चौकशी सुरू केली. ईसीजी, टू-डी इको, जुन्या डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्स... विमा कंपनीचा लेखी होकार आल्यावरच मी फेब्रुवारीत पेपर टाकले. पॉलिसी हातात पडली लास्ट डेच्या आठ दिवस आधी. प्रीमियमचा आकडा बघून बाबा म्हणाले, "अगं, एवढ्यात आणखी एक स्टेंट बसला असता!" पण त्या रात्री घरात सगळे शांत झोपले.

हे एवढं तपशिलात सांगितलं, कारण 'प्रोफेशनली' नोकरी सोडणं म्हणजे फक्त गोड मेल लिहिणं नव्हे. तुमच्या नोकरीवर आणखी कोण कोण उभं आहे, ते आधी मोजणं. कुणाचं होम लोन असेल, कुणाच्या बायकोची डिलिव्हरी पुढच्या महिन्यात असेल, कुणाचे बाबा असतील.

ऑफर लेटर पुन्हा वाचा... जुनं!

नव्या कंपनीचं ऑफर लेटर आपण पाठ करतो. जुन्या कंपनीचं कुठे आहे, हेच आठवत नाही. ते शोधा आणि कॉफी घेऊन शांतपणे वाचा. नोटीस पीरियड किती? नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, की तो हक्क फक्त कंपनीला आहे? जॉइनिंग बोनस किंवा कंपनीनं भरलेली कोर्सची फी परत करावी लागेल का? शेअर्स मिळायचे असतील तर ते कोणत्या तारखेला तुमचे होतात? मला एक जण माहीत आहे, ज्यानं पंधरा दिवस आणखी थांबून लाखभर रुपयांचे शेअर्स वाचवले. कॅलेंडर बघून राजीनामा देणं यात लाजण्यासारखं काही नाही.

आता 'बाँड'. आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, 'बाँड मोडला तर जेलमध्ये टाकतात'. दुसरं, 'बाँड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकतच नाही'. दोन्ही चूक! भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या २७व्या कलमानुसार एखाद्याला धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे 'आमची नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जायचं नाही' असली अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण नोकरीचा कराराचा काळ चालू असतानाच्या अटींचं तसं नाही. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेला खटला आपल्या कल्याणचाच. तिथल्या सेंच्युरी कंपनीच्या टायर कॉर्ड कारखान्यातला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून राजस्थानातल्या कोट्याच्या कंपनीत जास्त पगारावर गेला. न्यायालयानं कराराच्या उरलेल्या काळापुरती त्याच्यावरची बंदी योग्य ठरवली.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे मे २०२५. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला भरतीसाठी जाहिराती, परीक्षा असा मोठा खर्च करावा लागतो, हा मुद्दा तिथे महत्त्वाचा ठरला. थोडक्यात, सही केलेला आकडा वाजवी असेल तर तो भरायची तयारी ठेवा. अवास्तव वाटत असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको.

आणि एक सुवर्णनियम: नव्या कंपनीचं लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही म्हणजे नाही! फोनवरचं 'यू आर सिलेक्टेड' हे गोड असतं, पण त्यावर ईएमआय जात नाही.

"सर, दहा मिनिटं आहेत का?"

हे वाक्य बॉसला बरोब्बर कळतं. आवाजच वेगळा येतो.

माझ्या सरांनीच मला कॅम्पसमध्ये निवडलं होतं. पहिल्या वर्षी माझ्या हातून प्रोडक्शन बंद पडायची वेळ आली असताना क्लायंटच्या कॉलवर माझं नाव न घेणारा हा माणूस. त्यांना सांगायचं म्हणजे पोटात गोळा. पण एक पक्कं होतं, त्यांना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. लंचच्या मैत्रिणींनाही मी सांगितलं नव्हतं. ऑफिसात सीक्रेट दोघांत राहत नाही, तिघांत तर तो सर्क्युलरच होतो!

त्यांच्या केबिनमध्ये दार लावून बसले आणि आधी घरी आरशासमोर म्हटलेलं वाक्य म्हटलं, "सर, मी ठरवलंय. मी नोकरी सोडतेय."

ते खुर्चीत मागे रेलले. "कुठे चाललीस?"

मी सांगितलं. का ते सांगितलं. त्या विशिष्ट मॅनेजरचा विषय मी काढला नाही. काढून उपयोगही नव्हता.

"पैशांचं असेल तर मी वर बोलतो. ऑनसाइट हवंय का तुला? सांग ना."

हीच ती 'काउंटर ऑफर'. सगळ्यांच्या आयुष्यात येते आणि गुदगुल्या करते. आपण इतके महत्त्वाचे होतो तर! पण त्या वेळी वहीचं पहिलं पान आठवायचं. जे कारण पैशानं सुटणारं आहे, त्यासाठी राजीनामा द्यायच्या आधीच बोलायला हवं. राजीनाम्याची बंदूक रोखून मिळवलेली वाढ पुढच्या अप्रेझलमध्ये कुणी विसरत नाही. आणि माझं कारण पैशानं सुटणारं नव्हतंच.

"सर, ऑनसाइट गेले तरी ठिगळंच लावणार ना?" मी म्हटलं.

ते हसले. मग बराच वेळ काचेबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "गो-लाइव्ह एप्रिलमध्ये आहे. तेवढं करून जाशील?"

"नोटीस तीन महिने आहे सर. करूनच जाईन."

पत्र नंतर लिहिलं. चार ओळींचं. मी या पदाचा राजीनामा देत आहे, करारानुसार शेवटचा दिवस अमुक, तोपर्यंत काम व्यवस्थित सोपवीन, इथे शिकायला मिळालं त्याबद्दल आभार. बास! राजीनाम्याचं पत्र ही आत्मचरित्राची प्रस्तावना नाही. तक्रारी, टोमणे, शेर यातलं काही नको. ते पत्र तुमच्या फाइलमध्ये तुमच्यापेक्षा जास्त वर्षं राहतं.

नोटीस पीरियड: तीन महिन्यांची परीक्षा

अमेरिकेत दोन आठवड्यांची नोटीस देणं हा नुसता रिवाज आहे. आपल्याकडच्या मोठ्या आयटी कंपन्यांत मात्र तीन-तीन महिने! लग्न ठरल्यावर तारीख लांबची निघावी आणि तोवर जुन्या घरात राहावं, तसं वाटतं. माणूस मनानं गेलेला, देहानं क्युबिकलमध्ये.

आणि आजूबाजूचेही बदलतात. माझं नाव दोन दिवसांत तीन मीटिंगांमधून गायब झालं. वरच्या एका मॅनेजरनं तर समोरून येताना फोन कानाला लावायला सुरुवात केली. लागलं मला. ज्या सिस्टीमसाठी मी दोन दिवाळ्या ऑफिसात काढल्या, तिच्याच मीटिंगला मला बोलवत नाहीत? रात्री नवरा म्हणाला, "मग तूही दांडी मार ना. काय करणार आहेत आता?" खरंच, काय करणार होते?

पण माझ्यामागे काम घेणारा मुलगा होता जेमतेम दीड वर्षाच्या अनुभवाचा. लातूरहून आलेला, मला 'मॅम' म्हणणारा, शंका विचारायच्या आधी तीनदा 'सॉरी' म्हणणारा. मी दांडी मारली असती तर मॅनेजरचं काही बिघडणार नव्हतं. रात्री दोन वाजता फोन वाजला असता तो या मुलाचा. आपला राग ज्याच्यावर असतो, त्याच्यावर तो क्वचितच पडतो. मागे राहिलेल्या सर्वांत ज्युनिअर माणसावर पडतो.

म्हणून मी केटी नीट द्यायचं ठरवलं. 'केटी', म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, बहुतेक ठिकाणी कसं होतं? शेवटच्या आठवड्यात तीन मीटिंगा, एक जुनी पीपीटी आणि 'काही लागलं तर फोन कर' एवढं आश्वासन. मी उलट केलं. पहिल्या महिन्यात लिहून काढलं, दुसऱ्या महिन्यात त्यानं केलं आणि मी शेजारी बसले, तिसऱ्या महिन्यात त्यानं एकट्यानं केलं आणि मी फक्त विचारलं तर बोलले. लिहिताना सिस्टीम कशी चालते, यापेक्षा ती कशी बिघडते, यावर जास्त पानं खर्च केली. महिनाअखेरीला कोणता रिपोर्ट अडकतो, क्लायंटकडचा कोणता माणूस मेलला उत्तर देत नाही पण फोन उचलतो, कोणत्या फाइलला हात लावायचा नाही आणि का. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. ते आपल्या डोक्यात असतं आणि आपल्याबरोबर निघून जातं.

या बाबतीत एक गोष्ट मला फार आवडते. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, हे आपल्याला माहीत असतं. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहा सहकारी पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडले होते. पण स्वतःच्याच कंपनीत मूर्ती पहिले कर्मचारी नव्हते! पहिले होते एन. एस. राघवन. मूर्ती चौथे, कारण पटनीतलं हाती घेतलेलं काम पुरं करायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं. स्वतःची कंपनी वाट बघतेय आणि माणूस जुन्या कंपनीचं काम संपवतोय! आपल्याला तर तीनच महिने काढायचे असतात.

नोटीसमध्ये आणखी एक मोह असतो, तारखांशी खेळण्याचा. जुनीकडे सुट्टी टाकून नव्या कंपनीत जॉइन व्हायचं आणि दोन पगार घ्यायचे. पूर्वी खपूनही जायचं. पण २०१४पासून पीएफला यूएएन नंबर आहे. तुम्ही किती कंपन्या बदला, नंबर एकच. एकाच महिन्यात दोन कंपन्यांची वर्गणी जमा झाली की पासबुकात लखलखीत दिसते आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे नेमकं तेच बघतात. सुट्टी हवी असेल तर दोन नोकऱ्यांच्या मध्ये सरळ आठवडा मोकळा ठेवा. कोकणात जा. समुद्र दोन्ही कंपन्यांच्या मेलपेक्षा बरा.

हिशोब, दमडीसकट

पैशांबद्दल विचारायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. 'जाताना काय वाद घालायचा?' अहो, हक्काचे पैसे मागणं म्हणजे वाद नव्हे.

पहिली गोष्ट ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं झाली की ती मिळते. शेवटचं मासिक वेतन, म्हणजे साधारणपणे बेसिक आणि डीए, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. समजा शेवटचं बेसिक ५२,००० आणि नोकरी ७ वर्षं १० महिने. ५२,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे ३०,०००. वर्षं धरायची आठ. झाले २ लाख ४० हजार! साडेचार वर्षांनी वैतागून निघालेल्यांनो, जरा कॅलेंडर बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ला देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि यातल्या काही गोष्टी बदलल्या. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट राहिली नाही, एक वर्षावर ती मिळू शकते. 'वेतना'ची व्याख्याही बदलली. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरायचा. म्हणजे बेसिक मुद्दाम छोटं ठेवण्याची जुनी युक्ती अवघड झाली. आणि सर्वांत महत्त्वाचं, राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं, असं वेतन संहिता सांगते. मी सोडली तेव्हा हे नव्हतं. माझा 'फुल अँड फायनल' दीड महिन्यानं आला, तोही तीन मेल पाठवल्यावर. तुम्हाला तरी आता तारखेवर बोट ठेवता येईल.

दुसरी गोष्ट पीएफ. तो काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो. शिवाय पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ट्रान्सफर केलेली वर्षं त्यात मोजली जातात. नोकरी बदलताना पीएफ काढून नवी बाइक घेणारे खूप पाहिलेत. बाइक पाच वर्षांत जुनी होते, पेन्शनची वर्षं मात्र परत मिळत नाहीत. कंपनीनं तुमची 'डेट ऑफ एक्झिट' भरली का, तेही बघा. नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः ऑनलाइन भरू शकता.

तिसरी गोष्ट कर. या वर्षात जुन्या कंपनीकडून मिळालेला पगार आणि कापलेला टीडीएस नव्या कंपनीला सांगा. नाही सांगितलं तर दोघंही तुम्हाला करसवलतीचा फायदा वेगवेगळा देतात आणि रिटर्न भरताना तुमचे डोळे पांढरे होतात. नोटीसचे पैसे भरून सुटत असाल तर एक दिलासा, त्या रकमेवर जीएसटी लागत नाही, हे सरकारनं ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

जाता जाता तपासा

- रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपीरियन्स लेटर. नाव, पद, तारखा बरोबर आहेत ना?
- सगळ्या पगाराच्या स्लिपा स्वतःच्या मेलवर घेतल्या ना? शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं.
- बँक, पीएफ, विमा, डिमॅट यापैकी कुठे ऑफिसचा मेल आयडी दिलाय का? आजच बदला.
- लॅपटॉपवरचे घरचे फोटो घ्या. कंपनीचा कोड, क्लायंटची यादी, टेम्प्लेट यातलं काहीही घेऊ नका. 'मीच लिहिलं होतं' हे खरं असलं तरी ते कंपनीचं आहे.
- लॅपटॉप, आयडी कार्ड, लॉकरची किल्ली दिल्याची पोच लेखी घ्या.
- एक्झिट इंटरव्ह्यूत खरं बोला, पण सुधारता येईल तेवढंच. माणसांबद्दल नको, कामाबद्दल.
- फेअरवेल मेल सहा ओळींचा. आभार मानायचे त्यांची नावं आठवून घ्या. हाउसकीपिंगच्या मावशी आणि सिक्युरिटीचे काका मेलवर नसतात, त्यांना भेटून सांगा.

आणि मग?

गो-लाइव्ह एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झालं. दोन रात्री जागलो. दुसऱ्या रात्री मी मुद्दाम खुर्ची मागे ओढून बसले. की-बोर्डवर तो लातूरचा मुलगा. सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.

लास्ट डेला ते खाली गेटपर्यंत आले. "नवीन ठिकाणी लोकांना शिकवशील तेव्हा एवढंच लिहून दे," म्हणाले. एवढंच. त्यांच्या भाषेत हे फार झालं.

सप्टेंबरमध्ये त्या मुलाचा मेसेज आला. मध्यरात्री सिस्टीम पडली होती. त्यानं माझं डॉक्युमेंट उघडलं, सोळाव्या पानावर नेमका तोच प्रॉब्लेम होता, चाळीस मिनिटांत सुरू केली. शेवटी लिहिलं होतं, 'थँक यू ताई.' मॅमची ताई कधी झाले, कळलंच नाही!

आणि ऑक्टोबरमध्ये बाबांच्या छातीत पुन्हा दुखलं. दोन दिवस आयसीयू, सुदैवानं फार काही नव्हतं. नव्या पॉलिसीचं कार्ड दाखवलं, कॅशलेस मंजूर झालं. डिस्चार्जच्या वेळी बिल वाचून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "प्रीमियम वसूल!"

तेव्हा मंडळी, जायचं असेल तर जरूर जा. नव्या कामाची हौस असावीच. फक्त ड्राफ्टमधला मेल 'सेंड' करण्याआधी तीन गोष्टी करा: जुनं ऑफर लेटर शोधा, घरच्यांच्या विम्याचं बघा आणि तुमच्या खुर्चीवर उद्या कोण बसणार आहे, त्याच्याशी एक चहा प्या. बाकी, ऑल द बेस्ट! केकचा एक तुकडा आमच्यासाठीही ठेवा.